घाट उतरेस्तोवर

शिरंब्याच्या स्टँडवर सर्जेराव चाळक्याइतका खोटारडा माणूस नव्हता, आणि त्याच्याइतका भरवशाचा ड्रायव्हरही नव्हता. ही दोन्ही माणसं एकाच अंगात कशी नांदतात ते कळायला वडापच्या जीपमध्ये बसायला लागतं. वडाप म्हणजे भरेल तेव्हा सुटणारी गाडी. आत तीन डोकी बसलेली असायची, अजून दहा-बारा यायची असायची, आणि सर्जेराव बॉनेटवर थाप मारून बोंब ठोकायचा, "निघाली, निघाली! निघालीच! दोन मिंटं!"

त्या दोन मिंटांत माणूस दाढी उरकून यायचा, चहा पिऊन यायचा, सोयरिकीचं बोलणं काढून मोडूनसुद्धा यायचा. गाडी जागेवरच.

बरं, तो एकटाच असा नव्हता. चहावाला म्हणायचा 'आणतोच'. न्हावी अर्ध्या गालाला साबण फासून 'आलोच' म्हणत पानाच्या टपरीकडं सटकायचा. पंचायतीचा शिपाई सांगायचा, 'सायब घटकाभरात येत्यात', आणि सायब त्या दिवशी तालुक्यातच नसायचे. आपल्याकडं थोडक्या वेळाला मोप शब्द. पटदिशी, झटक्यात, चुटकीसरशी, हा हा म्हणता, तंबाखू मळून होतोय तोवर. घड्याळाला विचारून केलेला त्यात एकही नाही. समोरच्याचा जीव शांत व्हावा म्हणून बोलायचे ते शब्द, रडक्या पोराच्या पाठीवर हात फिरवावा तसे.

सर्जेरावाच्या घरातही तेच चलन. घाटाच्या वर, आंबेखिंडीत त्याचं घर. सकाळी उज्ज्वला दारात उभी राहायची, हा जीपवर फडकं मारत म्हणायचा, "हा गेलो नि हा आलो." यायचा दिवस मावळल्यावर. बायकोनं कधी हिशेब मागितला नाही. लेक ऋतुजा कोल्हापूरला नर्सिंग शिकायला गेली, तीही फोनवर 'दोन मिंटांत करते फोन' म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी करायची. रक्तातच होतं म्हणा.

मग ते पातं आलं.

तोवर खाली हायवेला गाड्या आपल्याआप धावायला लागल्या होत्या. ड्रायव्हर नाही, क्लीनर नाही, शिवीगाळ नाही. पण मानाईच्या घाटात त्या शहाण्या गाड्यांचं डोकं चालायचं नाही. कुठं दरड, कुठं धुकं, कुठं मधेच बसलेली म्हैस. घाटाच्या तोंडाशी येऊन त्या नव्या नवरीसारख्या थबकायच्या. वर जायचं तर माणूसच लागायचा, आणि माणूस चुकतो. म्हणून सरकारनं नियम काढला. घाटात माणसं वाहणाऱ्या ड्रायव्हरनं कानामागं पातं लावायचं. लावलं तर गाडी चालू होणार, नाही तर चावी कितीही फिरवा.

नखाएवढी पातळ पट्टी होती ती. कागदोपत्री लांबलचक इंग्रजी नाव होतं. डोळ्याचं पातं लवतंय तेवढ्यात काम करतं म्हणून ड्रायव्हर लोकांनी नाव ठेवलं पातं.

तालुक्याच्या दवाखान्यात शिबिर भरलं. डॉक्टर मुजावर मॅडम, वयानं ऋतुजापेक्षा थोड्या मोठ्या, समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर्जेराव, माशी मारता येते का हो तुम्हाला?"

"मॅडम, स्टँडवर दिवसभर दुसरं काय करतोय आमी?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "हातानं मारायला गेलं तर माशी का सापडत नाही? कारण तिचे डोळे आणि मेंदू आपल्यापेक्षा कितीतरी भरभर चालतात. तुमचा हात तुम्हाला सपकन गेल्यासारखा वाटतो. माशीला तो कासवासारखा येताना दिसतो. डावीकडं उडू का उजवीकडं, याचा निवांत विचार करते ती. पातं तेच करतं. गाडीतला डबा रस्ता बघत असतो. धोका दिसला की तो पात्याला सांगतो, आणि पातं कानामागच्या नसेतून मेंदूला चेतवतं. तेवढ्यापुरता तुमचा मेंदू माशीचा होतो. जग संथ झाल्यासारखं वाटतं. धोका टळला की परत पहिल्यासारखं."

"आन हात? हात बी माशीवानी पळतो?"

"नाही. हात आपला तोच, त्याच गतीचा. तो कुठं न्यायचा हे ठरवायला तुम्हाला भरपूर वेळ मिळेल, इतकंच."

सर्जेरावाला पटलं. वाईट काय त्यात?

पहिल्या खेपेला तर गोडच लागलं. मानाईच्या देवळाच्या वरल्या वळणाला गवा आडवा आला. एरवी ब्रेकवर उभं राहायचं आणि देवीचं नाव घ्यायचं, एवढंच हातात असतं. पण कानामागं मुंगी चावल्यागत झालं आणि सगळं थांबलं. गव्याचे पुढचे पाय हवेत. त्याच्या नाकातली वाफ कापसासारखी लोंबकळत राहिली. सर्जेरावानं निवांत बघितलं. डावीकडं दरी, उजवीकडं गटार, गव्याच्या मागं एका गाडीपुरती जागा. हात गुळाच्या पाकातून निघाल्यागत हळूहळू स्टेरिंग फिरवत गेले. एक चिलीम ओढून व्हावी एवढा वेळ गेला असेल त्याच्या लेखी. मागच्या लोकांना फक्त एक हेलकावा बसला.

"आरं काय गाडी मारलीस!" मागून कोणीतरी ओरडलं. "डोळ्याचं पातं लवायच्या आत काढलीस की!"

त्या दिवशी सर्जेराव मिशीतल्या मिशीत हसत घरी गेला.

दुसऱ्या खेपेला, एका डंपरचा टायर फुटला तेव्हा, आतला वेळ एका दुपारएवढा झाला. त्याच्या पुढच्या खेपेला दिवसभर. पातं शिकत होतं. शेतात पाणी एकदा ज्या वाटेनं जातं, ती वाट दुसऱ्या वेळी खोल होते, तिसऱ्या वेळी ओहोळ. पात्याला सर्जेरावाच्या डोक्यातली वाट सापडली होती.

आणि मग ती फांदी पडली.

भर उन्हाची वेळ. जांभळाची वाळकी फांदी काचेसमोर कोसळली, आणि नेमकं तेव्हाच सर्जेराव पापणी मिटत होता. कुणाचीही मिटते तशी. कानामागं मुंगी चावली. पापणी निम्मी खाली आलेली, आणि अजून येतच होती. वरून काळा पडदा सरकत होता, सुगीतली सावली सरकते तसा. त्याला कळलं, आता ही मिटणार. थांबवावी म्हटलं तर पापणीला सांगावा पोचेपर्यंत ती मिटणार. ती मिटली.

आणि आत अंधार. रात्रीच्या अंधारात निदान कुत्रं भुंकतं, शेजारी बायकोचा श्वास असतो. इथं काही नव्हतं. आवाज सगळे ताणून ताणून एकच घरघर झालेली, जात्याखाली डोकं ठेवल्यासारखी. श्वास घ्यावा तर छाती हलायला दिवस लागणार. झोप येत नाही. भूक नाही. ओरडावं तर तोंड उघडेपर्यंत पावसाळा जाईल. त्यानं सुरुवातीला घाटातली वळणं मनात मोजली. मग गावातली घरं. मग बायकोचं नाव, लेकीचं नाव, पुन्हा बायकोचं नाव, पुन्हा लेकीचं. नावं घोकून घोकून गुळगुळीत झाली. मग त्यांना अर्थच उरला नाही.

पापणी उघडली तेव्हा फांदी बॉनेटवर पडून बाजूला गेली होती. गाडी नीट उभी होती. मागं एक म्हातारी पान चघळत होती. ते पान तिनं फांदी पडायच्या आधी तोंडात घातलं होतं.

"काय झालं रं?" म्हातारी म्हणाली.

सर्जेरावाला तिच्याकडं बघून रडू फुटलं. माणूस! बोलणारं माणूस!

त्या रात्री उज्ज्वलानं ताट वाढलं. त्यानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि तसाच बसून राहिला.

"मीठ जास्ती झालं काय?" ती म्हणाली.

"न्हाय."

"मग गिळा की. ऋतूचा फोन येऊन गेला, ती..."

"कोण?"

उज्ज्वलाचा हात तसाच राहिला. "ऋतू. ऋतुजा. अवो, तुमची लेक."

"व्हय व्हय," तो घाईनं म्हणाला. पण नाव ऐकूनही चेहरा यायला वेळ लागला, आणि तो वेळ लागलेला तिनं बघितला.

"उजू," तो हळूच म्हणाला, "मी लई लांब जाऊन येतोय."

"कुठं, शिरंब्याला?" ती हसायला गेली. हसू अर्ध्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो इस्माईल शिकलगाराकडं गेला. इस्माईल पलीकडच्या घाटाचा जुना ड्रायव्हर, हातभट्टी आणि गप्पा दोन्हीला सर्जेरावाचा जोडीदार. पातं त्याच्याही कानामागं होतं, आणि महिन्यापूर्वी त्याची गाडी कठड्याला घासली होती. अंगावर ओरखडा नव्हता. लोक म्हणत होते, क्षणात झालं, नशीब थोर.

इस्माईल अंगणात बाजेवर बसला होता. सर्जेराव समोर बसला तरी तो वाटेकडंच बघत होता.

"इस्माईल, ओळखलंस का?"

"या, बसा," इस्माईल अदबीनं म्हणाला. "आपण कुठले? माझी माणसं यायची होती. लई वर्सं झाली वाट बघतोय. तुमी कुठं बघितली काय?"

त्याची बायको हसीना दारातून म्हणाली, "भाऊजी, बसा, चहा टाकते, आलेच." ती आत वळली, आणि इस्माईलनं लहान पोरासारखा हंबरडा फोडला. हसीना पळत बाहेर आली, त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. सर्जेरावाकडं बघून म्हणाली, "आलेच म्हटलेलं चालत न्हाई त्यांना. चहा बी हितंच चूल मांडून करते."

सर्जेराव चहा न पिता उठला. तिथून सरळ मुजावर मॅडमकडं.

मॅडमनी पातं यंत्राला लावून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "सर्जेराव, हे पातं आता तुमच्या डोक्याच्या मापाचं झालंय. प्रत्येक खेपेला जास्त खोल नेतंय. पुढच्या वेळी किती नेईल, सांगता येत नाही. मी कंपनीला कळवलंय. नवं, को​रं पातं येईल."

"कवा?"

"दोन दिवसांत, म्हणाले."

सर्जेराव हसला. ते हसू मॅडमना कळलं नाही. दोन दिवसांत म्हणजे काय, हे जन्मभर दोन मिंटं विकणाऱ्या माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती.

"आणि एक ऐका," मॅडम दारापर्यंत आल्या. "हे पातं दुसऱ्या कुणाला लावू नका. तुमचा मेंदू हळूहळू सरावलाय. कोऱ्या डोक्याला हे एकदम तळाला नेईल. कळलं ना?"

"कळलं."

हे त्यानं घरी सांगितलं नाही. सांगायचंच होतं तसं. आज सांगू, उद्या सांगू. बायको काळजी करत बसेल, नवं पातं काय आलंच, असं म्हणत राहिलं ते. तो घरी बसला. गाडी अंगणात उभी. दोन दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. स्टँडवरचा शेडगे ड्रायव्हर येऊन सल्ला देऊन गेला, "अरं खुळ्या, त्या डब्याला कान पायजे. कुणाचा ते त्याला काय कळतंय? मी पुढं बसलेल्या म्हातारीच्या कानामागं चिकटवतो. दिवा हिरवा, गाडी चालू. म्हातारीला वाटतं, कंबरदुखीचं औषध हाय."

"धोका आला म्हंजी?"

"रोज रोज येतोय व्हय धोका?"

सर्जेराव उठून गाडीवर फडकं मारायला लागला.

मग बाजारचा दिवस आला. आंबेखिंडीला दुसरी गाडी नाही. दोन बाजार बुडाले होते, लोकांच्या घरात तेलमीठ नव्हतं. सकाळी अंगणात अर्धं गाव गोळा झालं आणि न विचारता जीपमध्ये चढून बसलं. कोंबड्या, गोणी, आजारी पोर घेतलेली एक बाई. उज्ज्वलाही नाचणीच्या पापडांचा डबा घेऊन आली आणि आपल्या जागेवर बसली. ड्रायव्हरला लागून, गेर मांडीशी येतो ती जागा. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं बसतात, ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर. त्यामुळं गेरजवळची जागा घरच्या माणसाची असते. कधी गुडघा आवरायचा, कधी सोडायचा, हे त्याला न सांगता कळतं. वीस वर्षांत उज्ज्वलाच्या गुडघ्याला सर्जेरावाचा गेर कधी अडला नव्हता.

सर्जेराव चढला. पातं खिशातून काढलं. कानापर्यंत नेलं. परत खाली घेतलं. तो जात्याखालचा अंधार, ती घरघर, सगळं कानामागं येऊन बसलं होतं. हात वर जाईना.

"निघालीच म्हणा की!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"आज ड्रायव्हरच भरायचा ऱ्हायलाय जणू!"

घाम त्याच्या मिशीतून ओघळला. उज्ज्वलानं ते बघितलं. लोकांनी बघायच्या आधी तिनं त्याच्या हातातून पातं घेतलं, पदर सावरल्यासारखं करून आपल्या कानामागं दाबलं, आणि हळूच म्हणाली, "चला आता. कुणाच्या ध्यानात न्हाय येत. घाट उतरेस्तोवर तर लावायचंय."

गाडीतल्या डब्यावरचा दिवा हिरवा झाला.

आता इथं एक क्षण होता. नको म्हणायला लागतो तेवढा. तो शब्द सर्जेरावाच्या जिभेवर आला होता, हे देवाशपथ खरं. पण नको म्हटलं तर का ते सांगायला लागणार. सांगितलं तर पातं परत हातात येणार. आणि हातात आलं तर... त्यानं उज्ज्वलाच्या कानाकडं बघितलं. घाट उतरेस्तोवर. रोज रोज येतोय व्हय धोका? क्षण कसले थांबतात. तो गेला.

त्यानं चावी फिरवली.

घाट चांगला चालला होता. उज्ज्वला मागच्या बाईशी आजारी पोराबद्दल बोलत होती, काढा कसा करायचा ते सांगत होती. सर्जेराव प्रत्येक वळणाला गाडी अशी घेत होता, जशी पाण्यानं भरलेली घागर. मानाईच्या देवळाशी त्यानं हॉर्न वाजवून नमस्कार केला. निम्मा घाट झाला. त्याला वाटलं, झालं. आता काय, आलंच शिरंबं.

आणि खालच्या उतारावर ब्रेकचा पाय तळाला गेला.

पंधरा दिवस उभी राहिलेली गाडी. नळी कुठंतरी कुरतडली असेल उंदरानं. पाय दाबला, पोकळ. पुन्हा दाबला, पोकळ. समोर दरीच्या कडेचं वळण. उज्ज्वला त्याच्याकडं वळली, काहीतरी सांगायला, आणि डब्यावरचा दिवा लाल झाला.

पुढचं सगळं हा हा म्हणता झालं. सर्जेरावाचा डावा हात स्टेरिंगवरून सुटला, गेरकडं गेला. उज्ज्वलाचा गुडघा एरवी बाजूला व्हायचा, तो या वेळी झाला नाही. त्यानं गुडघ्यासकट गेर ओढून पहिल्यात घातला, इंजिन किंचाळलं, त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली. पत्रा खरडला, ठिणग्या उडाल्या, पुढचं चाक गटारात गेलं आणि जीप कललेली थांबली. कोंबड्यांनी कालवा केला. कोणीतरी देवीचं नाव घेतलं. पोर रडायला लागलं. सगळी जिवंत. सगळीच्या सगळी.

"वाचलो!" मागून आवाज आला. "च्यायला, चुटकीसरशी काढलीस सर्जेराव!"

सर्जेरावाला हसू फुटलं. वाचल्यावर फुटतं तसं खुळ्यासारखं हसू. हसत हसतच तो वळला आणि म्हणाला, "उजू..."

उज्ज्वला त्याच्याकडंच बघत होती. मघाशी वळली होती तशीच. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. भीतीच्या पलीकडचं काहीतरी होतं. ओसाड देवळातल्या मूर्तीचे डोळे असतात, तसे.

त्यानं तिच्या कानामागचं पातं ओरबाडून काढलं, बाहेर फेकलं. "उजू! उजू, बोल! मी कोण? सांग, मी कोण?"

तिनं बोट उचललं. हळूहळू, हात आपलाच आहे का हे बघत. ते बोट त्याच्या गालावरच्या तिळावर ठेवलं.

"हितं," ती म्हणाली. शब्द गंजलेल्या कडीसारखे एकेक करून सुटत होते. "ह्या तिळावर एक केस हाय. पांढरा. तुला म्हाईत न्हाई."

तुला. लग्नाला बावीस वर्षं झाली, उज्ज्वलानं त्याला कधी तू म्हटलं नव्हतं. तू म्हणणारी एकच होती, त्याची आई, आणि ती कधीच गेली.

"तुझं तोंडच व्हतं समोर," ती म्हणाली. "दुसरं कायच न्हवतं. किती वर्सं... मी मोजत न्हवते. सगळं वाचलं मी त्याच्यावर. तू पयल्यांदा रस्त्याकडं न्हाई बघितलंस. माझ्या कानाकडं बघितलंस."

सर्जेरावानं तोंड रस्त्याकडं फिरवलं.

"तवा कळलं मला. तुला ठावं व्हतं."

मागं लोक उतरत होते, एकमेकांना हात देत होते. आजारी पोराची आई त्याला थोपटत होती, 'झालं झालं, गेलं सगळं' म्हणत होती.

"मंग तुझा हात निघाला," उज्ज्वला म्हणाली. "स्टेरिंगवरनं सुटला, माझ्याकडं यायला लागला. लई सावकाश. मला वाटलं, माझ्या कानाकडं येतोय. काढायला येतोय. तेवढ्यावर दिवस काढलं मी. आज बोटभर पुढं आला, उद्या येईल. आन मंग वाटायचं, न्हाई, हा खाली निघालाय, गेरकडं. मंग पुन्ना वाटायचं, न्हाई, माझ्याकडंच." ती थांबली. दम लागल्यासारखी थांबली. "पोचायच्या आत माझं भान सुटलं. कुठं निघाला व्हता हात, सर्जा?"

माणसाला खोटं बोलायची सवय असली की खोटं आपसूक तोंडात येऊन बसतं, पानासारखं. 'तुझ्याकडंच, उजू.' एवढं बोललं असतं की झालं असतं. समोरच्याचा जीव शांत करायलाच तर असतात असले शब्द. त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं. त्या डोळ्यांनी त्याच्या तोंडावरची एकेक सुरकुती वर्षानुवर्षं वाचली होती. आणि त्याच्या लक्षात आलं, इथून पुढं हिच्याशी खोटं बोलता येणार नाही. कधीच नाही.

"गेर टाकायला," तो म्हणाला.

उज्ज्वलानं मान हलवली. "वाटलंच व्हतं."

"उजू, मी..."

"बरं केलंस. त्ये पोर वाचलं. त्याला ताप हाय न्हवं? काढा..." तिनं कपाळाला हात लावला. "काढ्याचं काय सांगत व्हते मी? ऱ्हाऊ दे. सांगू नको. लई आधीचं हाय त्ये."

"माझ्यावर रागावलीस?"

"झालं रागवून," ती म्हणाली. "लई वर्सं रागावले. मंग संपलं त्ये. राग बी संपतो, ठावं न्हवतं मला." तिनं बाहेर बघितलं. उन्हात झाडाचं पान हललं, आणि ते हललेलं बघून ती एवढी दचकली की तिनं सर्जेरावाचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. "सगळं किती पळतंय रं. हळू सांग की त्यांला."

मग तिनं विचारलं, "आपल्याला एक लेक व्हती न्हवं?"

"हाय की. ऋ..."

"नको." तिचा आवाज एकदम वर गेला. "नाव सांगू नकोस. माझं मला सापडू दे. मी जपून ठिवलं व्हतं कुठंतरी."

ती डोळे मिटून शोधायला लागली. डोळे मिटले आणि लगेच घाबरून उघडले. पुन्हा मिटायला तयार होईना. उघड्या डोळ्यांनीच तिचे ओठ हलत राहिले, एकेक नाव उचलायचं, बघायचं, ठेवून द्यायचं.

तिला पाणी द्यावं म्हणून सर्जेराव उठायला गेला. पुढच्या वळणाशी झरा आहे, वीस-पंचवीस पावलांवर. तिची मूठ आवळली.

"कुठं?"

'आलोच.' शब्द जिभेच्या शेंड्यावर आला. इस्माईलचा हंबरडा आठवला. त्यानं तो शब्द गिळला आणि जागेवर बसला.

"कुटंच न्हाई," तो म्हणाला. "हितंच हाय."

रस्त्यावर लोकांनी गाडी गटारातून काढायला दोर बांधला होता. दगड लावून झाले होते. कोणीतरी काचेवर टकटक केली. शेजारच्या आळीतला म्हातारा होता तो, जन्मभर सर्जेरावाच्या दोन मिंटांवर हसत आलेला.

"काय रं सर्जेराव? कवा निघायचं?"

सर्जेरावानं बायकोकडं बघितलं. तिचे ओठ अजून हलत होते. अजून नाव सापडलं नव्हतं.

"येळ लागंल," तो म्हणाला.